डोंग्याला नांगर कसा बांधावा



आज मी आपल्याशी नांगराविषयी बोलणार आहे. पण हा नांगर बांधीतला नव्हे, पाण्यातला. डोंगा एका जागी धरून ठेवायला जो धोंडा किंवा लोखंडी आकडा आपण दोराला बांधून तळाशी सोडतो, त्यालाही आपल्या भाषेत नांगरच म्हणतात. पुष्कळांना वाटेल, धोंडा बांधायचा आणि सोडायचा, यात सांगण्यासारखे काय आहे? मलाही तसेच वाटत होते. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत तरी वाटत होते.

मी ढिवराच्या घरचा. घरी दोन एकर धान, आणि गावच्या तलावावर मच्छीमार संस्थेचा सभासद. रोवणी आटोपली की जाळे, धान कापून-चुरून झाले की पुन्हा जाळे. अर्जुनी मोरगाव घ्या, सडक अर्जुनी घ्या, गोरेगाव, तिरोडा घ्या, असे शेती आणि पाणी दोन्हींवर पोट असलेली घरे आपल्याकडे गावोगावी आहेत. १ मे १९९९ रोजी आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण तलाव काही वेगळे झाले नाहीत. कोहळी मंडळींनी बांधलेले आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव झालेले, हे सगळे पाणी आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या पोटात आहे. त्यात नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे तलाव आणि इटियाडोहसारखे धरण. लहान बोडीत वारा सुटला तर फार तर भिजाल. मोठ्या पाण्यावर मात्र वारा सुटला की डोंगा कसा बांधला आहे यावर जीव असतो. तो कसा असतो, हे मी भोगून शिकलो. म्हणून आधी तेच सांगतो.

ज्येष्ठ महिना होता. मृग लागायला आठेक दिवस असतील. तलाव निम्मा आटला होता. मोठे भाऊ आणि मी पत्र्याच्या डोंग्यात बसून पाराजवळ, जिथे उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी राहते, तिथे गरी टाकून होतो. नांगर म्हणजे दहा-बारा किलोचा धोंडा. त्याचा दोर मी डोंग्याच्या मधल्या आडव्या पट्टीला बांधला, कारण ती पट्टी हाताजवळ होती. दोर जेवढे पाणी तेवढाच. धोंडा टेकला, दोर ताणला, आणि दोन पक्क्या गाठी मारल्या. बाबा पारावर उभे होते. त्यांनी तिथूनच हाक दिली, “मधात नोको बांधू गा, तोंडाले बांध!” आम्ही हसलो.

दुपारी तीनच्या सुमारास वावधान सुटले. आपल्याकडचे उन्हाळ्यातले वावधान आपल्याला माहीत आहे, धूळ दिसते न दिसते तोच ते अंगावर असते. डोंगा वाऱ्याला आडवा झाला. वारा त्याला पलीकडे ढकलतो आणि दोर त्याची अलीकडची कड खाली ओढतो. ज्या बाजूने लाट येते, तीच कड पाण्याला टेकलेली. पहिली लाट आत आली तेव्हा भाऊ ओरडले, “दोर सोड!” मी गाठीवर तुटून पडलो. ताणलेली, ओली, नायलॉनची गाठ. नखे फाटली, गाठ सुटली नाही. कापायला जवळ चाकू नव्हता. चार-पाच लाटांत डोंगा भरला आणि पत्र्याचा असल्याने धोंड्यासकट तळाशी गेला. मला फारसे पोहता येत नसे. भाऊ पट्टीचे पोहणारे, पण त्यांच्या पायाला तंगुसाचे जाळे गुंडाळले गेले होते. ते जाळे तसेच ओढत, एका हाताने मला धरून, ते पाराच्या दगडांपर्यंत आले. तिथे बराच वेळ आम्ही दोघे पडून होतो.

बाबांनी तेव्हा एक शब्द काढला नाही. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, “बैलाले कमरेत दावं बांधते का गा कोनी?”

बंधूंनो, सगळी विद्या या एका वाक्यात आहे. बैल आपण मानेला किंवा वेसणीला बांधतो, म्हणजे तो फिरला तरी तोंड खुंट्याकडे राहते. डोंग्याचेही तसेच. दोर निमुळत्या टोकाला असला की डोंगा आपोआप वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, लाट टोकावर फुटते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. दोर मधात बांधला की डोंगा आडवा होतो आणि आडवा डोंगा उलटायला फार वारा लागत नाही. पत्र्याच्या काही डोंग्यांना मागचा भाग चपटा असतो. त्या चपट्या बाजूलाही बांधू नये, तिथून लाट सरळ आत येते.

आता दुसरी चूक, दोराच्या लांबीची. ही मात्र नांगर धरणाऱ्या माणसाला मासेमारापेक्षा लवकर समजेल. देशी नांगराचे जू दांडीच्या पुढच्या खाचेत बांधले की फाळ खोल जातो, मागे घेतले की फाळ वर येतो. का? ओढ जितकी जमिनीला आडवी, तितका फाळ जमिनीत शिरतो. ओढ वर झाली की तो सुटतो. पाण्यातल्या नांगराचे अगदी हेच आहे. दोर पाण्याइतकाच ठेवला तर ओढ सरळ वर, आणि प्रत्येक लाटेबरोबर नांगर तळ सोडतो. दोर लांब सोडला तर ओढ आडवी होते आणि आकडा गाळात रुततो. म्हणून शांत पाण्यात खोलीच्या तिप्पट, वारा असेल तर पाचपट आणि वादळाचे चिन्ह असेल तर सातपट दोर सोडावा. दोन पुरुष पाणी असेल तर दहा पुरुष दोर, असा हिशेब. शेजारी दुसरे डोंगे असतील तर एवढा दोर सोडायला जागा नसते, हे खरे आहे. मग जागा बदलावी, दोर आखडू नये. नांगर आणि दोर यांच्यामध्ये हातभर-दोन हात जड साखळी घातली तर ती तळावर पडून राहते, ओढ आडवी ठेवते, आणि खडकावर दोर घासत नाही.

धोंडा की लोखंड, हाही प्रश्न येतोच. आपण धोंडा काठावर उचलून पाहतो आणि म्हणतो, जड आहे. पण पाण्यात त्याचे वजन कमी होते. काळ्या दगडाचा दहा किलोचा धोंडा पाण्यात साधारण साडेसहा किलोच भरतो. भिजलेल्या रेतीचे पोते तर जवळजवळ निम्मे होते. लोखंड दहा किलो असेल तर पावणेनऊच्या आसपास राहते. शिवाय धोंडा नुसता वजनाने धरतो, रुतत नाही. विहिरीत पडलेली बादली काढायला आपण जो चार आकड्यांचा गळ टाकतो, तसाच, पण मजबूत गजाचा, चार-पाच किलोचा नांगर लोहाराकडून करून घेतला तर दोन माणसांच्या डोंग्याला तो पंधरा किलोच्या धोंड्यापेक्षा चांगला धरतो. कमळवेल, शिंगाडा, पाण्यातले गवत असेल तिथे हे आकडेच कामाचे. निव्वळ मऊ गाळ असेल तिथे आकड्यांना रुंद पाते लागते. जुना झिजलेला फाळ कापून आकड्यांच्या टोकांना जोडून घ्या. आमच्याकडे असाच आहे. तलाव खडकाळ असेल तिथे मात्र धोंडाच बरा, कारण आकडा फटीत अडकला की दोर गमावण्याची पाळी येते.

आणि खरे सांगायचे तर, वर्षातले पुष्कळ दिवस मी नांगर टाकतच नाही. मामा तलाव पाराजवळ खोल आणि येव्याकडे उथळ होत गेलेला असतो. छातीइतक्या पाण्यात नऊ-दहा फुटांचा भरीव बांबू, टोकाला तासलेला, गाळात रेटून उभा केला आणि टोकाचा दोर त्याला फाशाने अडकवला की काम झाले. आवाज होत नाही, गाळ उठत नाही, मरळ बिचकत नाही. धोंडा ‘धब्ब’ करून टाकला की त्या जागी मासा अर्धा तास येत नाही, हे गरीवाल्यांना सांगायला नको. बांबूही टोकालाच बांधावा, हे मात्र विसरू नये.

आता एक अडचण राहिली, आणि ती आमच्या बाबांच्या काळीही होतीच. टोकाला बांधा म्हटले, पण बसतो आपण मधात. टोकाकडे जायचे म्हणजे डोंग्यात उठून चालावे लागते. लाकडी डोंगा बुडाशी गोल, पाय जरा चुकला की लोळतो. वारा सुटल्यावर टोकाशी जाऊन गाठ सोडणे हेच मोठे धोक्याचे. म्हणून तर माणूस आळस करतो आणि हाताजवळच्या पट्टीला दोर गुंडाळतो.

यावर एक तोड माझ्या पुतण्याने मोबाईलवर दाखविली. परदेशात कयाक नावाचा एकट्या माणसाचा लांबुळका डोंगा असतो. मूळचा तो ग्रीनलंड, कॅनडा, अलास्काच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या लोकांचा. लाकडाच्या सांगाड्यावर सीलची कातडी ताणून ते तो करीत आणि त्यातून शिकारीला जात. आता तो प्लास्टिकचा झाला आहे आणि हौशी लोक त्यातून गरी टाकतात. त्यांनाही हीच अडचण, उठून टोकाला जाता येत नाही. त्यांनी काय केले, तर शाळेतल्या झेंड्याची दोरी आडवी करून डोंग्याला लावली. मला तर पाहून हसूच आले. इतकी साधी गोष्ट, आणि आपल्याला सुचली नाही.

ती अशी करावी. डोंग्याच्या एका बाजूला, कडेच्या बाहेरून, पुढच्या टोकाजवळ एक आणि मागच्या टोकाजवळ एक अशा दोन लोखंडी कड्या पक्क्या बसवा. या दोन कड्यांमधून एक दोरी ओवून घ्या आणि तिची दोन्ही टोके एका तिसऱ्या, मोकळ्या कडीला बांधा. झेंड्याच्या दोरीसारखा फेरा तयार झाला. एक पदर ओढला की मोकळी कडी पुढे जाते, दुसरा ओढला की मागे येते. नांगराचा दोर या मोकळ्या कडीतून ओवायचा. म्हणजे मधात बसल्या बसल्या नांगर हळूच सोडायचा, फेरा ओढून कडी टोकाशी न्यायची, आणि फेऱ्याची दोरी हाताजवळच्या एका खुंटीला गुंडाळायची, म्हणजे कडी परत सरकणार नाही. नांगराच्या दोराचा आपल्याकडचा भाग दुसऱ्या खुंटीला. ओढ टोकावर पडते, पण सोडायची खुंटी आपल्या गुडघ्याजवळ असते. जुन्या लाकडी डोंग्याला कडी ठोकताना लाकूड चिरू नये म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडावे, आणि ते पाण्याच्या रेषेच्या बरेच वर असावे. पत्र्याला बोल्ट लावला तर आतून-बाहेरून रबराची चकती घालावी. गाडीची जुनी ट्यूब कापली की चकत्या होतात. आम्हाला हे सगळे करायला एक सकाळ लागली. दोरी मात्र पहिल्या खेपेला फार सैल झाली होती. ती ताठ असावी, नाहीतर कमळाच्या देठांत अडकते.

खुंटीवरची गाठ कशी असावी? संध्याकाळी गोठ्यात बैल बांधताना जी एका ओढीने सुटणारी गाठ आपण मारतो, तीच. दोन वेढे आणि वर फास. ओल्या हाताने, अंधारात, एका झटक्यात सुटली पाहिजे. घरी मुलांना डोळे झाकून सोडायला लावा, खेळ होतो आणि सवयही होते. दोराच्या शेवटच्या टोकाला झाकण पक्के लावलेली पाच लिटरची रिकामी कॅन बांधून ठेवावी. वेळ आली की गाठ ओढायची, कॅन पाण्यात टाकायची आणि डोंगा वाऱ्याबरोबर काठाकडे जाऊ द्यायचा. वादळ ओसरल्यावर कॅन तरंगताना दिसेल, नांगर परत मिळेल. न मिळाला तरी लोहार आहे. दोराचे टोक कायमचे पक्के बांधून ठेवण्याची रीत आहे, नांगर हरवू नये म्हणून. ती मोडली पाहिजे. दोराचे वेढे पायाशी पडलेले नसावेत, आणि दोर कमरेला किंवा हाताला कधीही गुंडाळू नये. गाठ अडलीच तर म्हणून एक धारदार चाकू म्यानात घालून पट्टीखाली सुतळीने बांधलेला असावा. आमचा चाकू आजवर एकदाही वापरावा लागला नाही, पण दर वर्षी पोळ्याला त्याला धार लावतो.

नांगर टाकताना फेकू नये. जिथे बसायचे आहे त्या जागेच्या पुढे, वारा येतो त्या बाजूला जावे. तिथे नांगर हळूच तळाला टेकवावा आणि डोंगा वाऱ्याने मागे जाऊ द्यावा. दोर सोडत सोडत आपल्या जागेवर यावे, मग गाठ मारावी. नांगर धरतो की घसरतो, हे पाहायला काठावरची दोन ठिकाणे हेरावीत, एक जवळचे आणि एक त्याच्या मागचे. समजा, पळसाचे झाड आणि त्यामागे देवळाचा कळस. दोन्ही एका रेषेत राहिली तर नांगर बसला. कळस बाजूला सरकू लागला तर आणखी दोर सोडा. नांगर काढताना आधी दोर ओढत डोंगा नांगराच्या बरोबर वर न्यावा, मग सरळ वर ओढावा. बसूनच ओढावा.

धरणात एक वेगळे दुखणे असते. तळाशी बुडालेल्या झाडांची खुंटे असतात, त्यांत आकडा असा बसतो की दोन माणसांना हलत नाही. आणि अडकलेला नांगर जोर लावून ओढताना डोंगा उलटतो. त्यावर उपाय असा की दोर नांगराच्या वरच्या कडीला न बांधता खाली, जिथे आकडे एकत्र येतात तिथे बांधावा, तसाच दांडीवरून वर घ्यावा आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीने बांधावा. नेहमीच्या ओढीला सुतळी टिकते. अडकला तर डोंगा वर नेऊन जोराने ओढा, सुतळी तुटते, नांगर बुडाकडून उचलला जातो आणि उलटा होऊन निघून येतो. नवी सुतळी बांधली की पुन्हा तयार. मात्र सोसाट्याच्या वाऱ्यात ही सुतळी तुटून नांगर सुटू शकतो, म्हणून खुंटे नसतील तिथे दोर सरळ कडीलाच बांधावा.

तलावाच्या सलंगावरून पाणी वाहत असेल किंवा तुडूम उघडे असेल तर त्याच्या तोंडाशी नांगर टाकू नये. नदीचे तर बोलणेच वेगळे. वैनगंगेत, वाघ नदीत वाहत्या धारेत डोंगा नांगरला आणि पाणी वाढले की दोर टोकालाच खाली ओढतो, वरून झाडे-ओंडके येऊन दोराला अडकतात. मध्य प्रदेशात संजय सरोवराचे दरवाजे उघडले की आपल्याकडे वैनगंगा चढते, ते आपण ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पाहिले. पावसाळ्यात धारेत नांगर टाकूच नये. टाकलेला असेल आणि पाणी गढूळ होऊन काडीकचरा येऊ लागला तर विचार करत बसू नका, गाठ ओढा, कॅन टाका, काठ धरा.

पत्र्याच्या डोंग्याविषयी एक गोष्ट राहिली. लाकडी डोंगा पाण्याने भरला तरी तरंगतो, धरून राहता येते. पत्र्याचा सरळ तळाला जातो. त्याच्या दोन्ही टोकांना आतून, वीस वीस लिटरच्या झाकणबंद रिकाम्या कॅन घट्ट बांधाव्यात. चाळीस किलोच्या डोंग्याला अशा दोन कॅन तळाशी जाऊ देत नाहीत. चार असल्या तर माणसांनाही धरायला आधार होतो. अंगात तरंगते जाकीट असले तर फारच चांगले. लोक हसतात, उन्हाळ्यात उकडते, हेही खरे. भाऊ अजून घालत नाहीत. मी घालतो.

शेवटी लोहाराचे. मृगाच्या तोंडावर त्याच्याकडे फाळ, वखर, विळे यांची रीघ असते, तेव्हा नांगराचे आकडे सांगितले तर तो उद्या-परवा करील. रोवणी आटोपली की तो मोकळा असतो. चार आकडे, दोन पक्क्या कड्या, एक मोकळी कडी आणि दोन हात साखळी, एवढे सांगा. नायलॉनचा आठ मिलिमीटरचा दोर बाजारातून आणताना तलावातले सर्वांत खोल पाणी मोजून न्या आणि त्याच्या सातपट घ्या. वापर झाल्यावर दोर उन्हात पडू देऊ नका, सावलीत टांगा. उन्हाने तो बाहेरून पांढरा आणि खरबरीत होतो, तसा झाला की बदला. जुना दोर कडबा बांधायला येतोच.